मायेची ऊब

कॉम्प्युटरचा प्रोसेसर जास्त कामाने तापतो, असं जाणकार सांगतात. सांगोत बापडे. मराठी घरांतले जेवढे प्रोसेसर मी पाहिले, ते बहुतेक मायेने तापलेले होते.

नव्वदीच्या अखेरीस कॉम्प्युटर घरात आला तो सोसायटीचं कर्ज काढून, देवापुढे पेढे ठेवून. त्याच्या आधीच सुताराकडून कॉम्प्युटर टेबल करून घेतलेलं असे. वरून सनमायका, की-बोर्डला सरकता ट्रे, प्रिंटरसाठी एक फळी (प्रिंटर पुढे कधीच आला नाही, तिथे गणपती बसला), आणि खाली उजव्या अंगाला टॉवरचा कप्पा. ज्या खोक्याला घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात, ते ह्या कप्प्यात जायचं. सुतार हौशी असला तर कप्प्याला दार, आणि वडील धोरणी असले तर दाराला कुलूप. डावी-उजवीकडे बोटभर जागा, मागे प्लायची फळी, फळीला वायरी बाहेर काढायला एक भोक. यंत्राने मागून टाकलेली गरम हवा फळीवर आपटायची, कप्प्यातच घुटमळायची आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत जायची. दार लावलेलं असलं, की कॉम्प्युटर दिवसभर स्वतःचेच सुस्कारे हुंगत बसायचा.

त्यातून कव्हरं. मॉनिटरला एक, की-बोर्डला एक, टॉवरला एक. बाजारात तयार मिळायची, पण पुष्कळ घरांत ती आईने जुन्या पडद्याच्या कापडातून शिवलेली असत, कडेला पायपिन लावून. विंडोज अजून ‘बंद होत आहे’ असं सांगत असायचं आणि टॉवरच्या डोक्यावरून कव्हर उतरलेलंही असायचं. तापलेल्या पोराला कुणी असं ताबडतोब गोधडीत गुंडाळलं असतं, तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या काळातल्या सगळ्या सोवळ्याओवळ्यात शास्त्राला धरून होता तो एकच नियम: शाळेच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढायच्या. मुलांना त्याचं हसू यायचं. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर कुरकुरता पंखा आणि लॅबला मात्र एसी, ह्याचं शिक्षकांना वाईट वाटायचं. पण चपलांबरोबर येणारी माती हा प्रोसेसरचा खरा वैरी आहे, आणि त्या मातीकडे मी सवडीने येणारच आहे.

आधी प्रोसेसर का तापतो, ते. प्रोसेसरच्या पोटात अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, म्हणजे इवलेसे स्विच. सेकंदाला कोट्यवधी वेळा त्यांची उघडझाप चालते आणि दर उघडझापीला विजेचा एक कण खर्ची पडतो. तुम्ही सोसायटीची नोटीस टाइप करा, भीमसेन ऐका, नाहीतर पोराला बंदुकीचे गेम खेळू द्या, महिनाअखेरचा हिशोब एकच निघतो: जेवढी वीज आत गेली तेवढी उष्णता होऊन बाहेर आली. शंभर वॅट खाणारा प्रोसेसर हा शंभर वॅटचा हीटरच असतो. मधल्या मधे तो आपली कामं करतो, हा त्याचा मोठेपणा. पूर्वी घरात शंभरचा पिवळा बल्ब असे, त्याला चुकून हात लागलेल्यांना पुढचं सांगायला नको. त्या बल्बला निदान मुठीएवढं काचेचं अंग तरी होतं. प्रोसेसरमधली सिलिकॉनची चकती अंगठ्याच्या नखाएवढी असते. तेवढ्या जागेतून तेवढी आग अष्टौप्रहर बाहेर काढत राहायची आहे.

हे दुखणं जुनंच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला, त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हचा रेडिओ घरात ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, की तो बोलायला लागण्याआधी आतून लाल व्हायचा. तसे दोन हजार सातशे. मग चिप आली आणि सगळं एकदम निवल्यासारखं झालं. इंटेलच्या १९७१च्या पहिल्या ४००४ प्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याची भूक एका वॅटच्या आत भागायची. त्याला पंखा नको, काही नको. १९९३च्या पेंटियमपासून मात्र डोक्यावर पंखा घेऊन बसणं हे प्रोसेसरच्या घराण्यात कायमचं झालं.

नंतर मेगाहर्ट्झची, म्हणजे वेगाची, शर्यत लागली. इंटेलचेच पॅट गेल्सिंगर २००१ साली एका परिषदेत म्हणाले होते, की असंच चालू राहिलं तर काही वर्षांत चिपच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून अणुभट्टीएवढी उष्णता निघेल, पुढे रॉकेटच्या शेपटीएवढी आणि मग सूर्याच्या पृष्ठभागाएवढी. आपल्याच दुकानातल्या मालाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस विरळा. २००४ मध्ये पेंटियम फोरची ‘प्रेस्कॉट’ नावाची आवृत्ती आली. ती इतकी तापायची की लोकांनी तिचं ‘प्रेसहॉट’ असं बारसं केलं. त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढण्याचा बेत कंपनीला सोडून द्यावा लागला आणि तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट ऑक्टोबरमधल्या एका संमेलनात भर मंचावर गुडघे टेकून माफी मागते झाले. गमतीने का होईना, पण टेकले. उष्णतेपुढे गुडघे टेकलेला एवढा मोठा माणूस दुसरा माझ्या माहितीत नाही. त्यानंतर सगळ्यांनीच एका डोक्याला पळवण्याचा नाद सोडून एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ डोकी बसवायला घेतली. सहा गिगाहर्ट्झचा आकडा खोक्यावर छापायला २०२३ उजाडावं लागलं.

तेव्हाचीच आणखी एक गोष्ट. २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ ह्या वेबसाइटच्या मंडळींनी गेम चालू असलेल्या कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरच्या डोक्यावरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून काढला आणि त्याचं चित्रण केलं. एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या अॅथलॉनमधून बघता बघता धूर निघाला. पेंटियम फोर मात्र फक्त मंदावला. गेममधला माणूस पाय ओढत चालायला लागला, इतकंच. ते चित्रण जगभर फिरलं. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर स्वतःचा ताप स्वतः मोजतात आणि मर्यादा आली की आपणहून वेग उतरवतात. ती मर्यादा बहुधा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याहीपुढे गेलंच तर मशीन फटकन बंद पडतं. म्हणजे आजचा प्रोसेसर सहसा जळत नाही; तो ‘नियमानुसार काम’ आंदोलन सुरू करतो.

आणि इथेच घरच्यांची फसगत होते. कॉम्प्युटर स्लो झाला की आपण दुरुस्तीवाल्या पोराला बोलावतो. तो येतो, रॅम काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने घासतो आणि परत बसवतो. ह्या खोडरबरावर माझी श्रद्धा आहे, पुष्कळ मशीनं मी त्याने उठून बसलेली पाहिली आहेत. पण त्याने भागलं नाही, की पुढचं निदान ठरलेलं: “काका, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट मारला जातो. लग्नाचे फोटो जातात. मशीन दोन दिवस हुशारीने चालतं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाय ओढायला लागतं, कारण त्याचा ताप कुणी उतरवलेलाच नसतो. ह्या सगळ्यात खरं निदान केलेलं असतं ते आईने. “इतका वेळ त्याच्यापुढे बसलास तर तापणारच ते,” हे तिचं वाक्य. ते कुणी मनावर घेत नाही, कारण ती ते टीव्हीला, मिक्सरला आणि वडिलांनाही लावते.

उलट काही घरांत तापाची काळजी नको तितकी असते. आमच्या शेजारचे नाना बँकेतून निवृत्त झाले आणि मुलाने त्यांच्या कॉम्प्युटरवर तापमान दाखवणारी एक खिडकी बसवून दिली. तेव्हापासून नाना बाकी काही करत नाहीत, त्या आकड्याकडे बघत बसतात. एका दुपारी नातवाचा गेम चालू असताना ते ओरडले, “अगं, ब्याण्णव झालं!”

स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला, “ब्याण्णव? मग ताप कुठला? अंग गार पडलंय त्याचं. सुंठ चोळा थोडी.”

माईंचा थर्मामीटर फॅरनहाइटचा. त्या हिशोबाने त्यांचं काही चुकलं नव्हतं. नानांच्या माहितीसाठी सांगायचं तर रिकामा बसलेला प्रोसेसर तीस-पंचेचाळीसच्या घरात असतो, भर कामात साठ-सत्तर-ऐंशी हे त्याचं रोजचं आहे, आणि नव्वदीत तो तासन् तास रेंगाळायला लागला तर खोकं उघडून बघावं. नुसतं आकड्याकडे बघत बसल्याने प्रोसेसर गार होत नाही, नानांचं ब्लडप्रेशर तेवढं वाढतं. शिवाय प्रोसेसर ज्या खोलीत बसलाय त्या खोलीहून गार त्याला कुठलाही पंखा करू शकत नाही. खोलीपेक्षा तो तीस अंशांनी वर राहत असेल, तर जानेवारीतल्या पुण्यात पन्नास दिसतील आणि मे महिन्यातल्या नागपुरात बहात्तर. त्यात यंत्राचा दोष नाही, नागपूरचा आहे. विदर्भात ह्यावर उपाय म्हणून टॉवर थेट वाळ्याच्या कूलरच्या झोतात ठेवणारे लोक आहेत. वाळ्याचा सुगंध माणसाला मानवतो. पण ती हवा दमट असते आणि तिच्याबरोबर जड पाण्यातले क्षार येतात, ते मदरबोर्डला मानवत नाहीत. त्यापेक्षा साधा टेबल फॅन बरा.

लेपाची माईंची कल्पना मात्र मोडीत काढू नका. प्रोसेसरच्या डोक्यावर खरोखरच एक लेप असतो, थर्मल पेस्ट नावाचा, करड्या रंगाचा. प्रोसेसरचं धातूचं टाळकं आणि हीटसिंकचा तळ, दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण बारकाईने पाहिलं तर त्यांवर ओरखडे आणि खळगे असतात आणि त्या खळग्यांत हवा अडकते. हवेतून उष्णता जाते ती तांब्याच्या मानाने सुमारे पंधरा हजार पटींनी कमी. ते खळगे बुजवण्यापुरता लेप हवा. पेस्ट म्हणजे काही तांबं नव्हे, ती हवेपेक्षा बरी इतकंच. म्हणून मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका द्यावा आणि वरून हीटसिंक दाबून बसवावा, पसरायचं काम दाब करतो. आपल्याकडे वाढताना हात आखडता घ्यायची रीत नाही, त्यामुळे पुष्कळजण अख्खी ट्यूब पिळतात. त्याने प्रोसेसर बहुधा मरत नाही, फक्त कडेने ओघळ येतात आणि पुढच्या वेळी पुसणाऱ्याचा जीव जातो. चार-पाच वर्षांनी ही पेस्ट वाळून खडूसारखी भुगा होते. तापाचं एक कारण तेही.

पेस्टपेक्षा मजेदार प्रकरण प्लास्टिकचं. प्रोसेसरच्या नव्या कूलरच्या, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीच्या, तळाला एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो, बसवण्याआधी तो सोलून काढायचा असतो. आता आपण पडलो टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक दहा वर्षं जपणारी माणसं. सोफ्यावरचं प्लास्टिक पाहुण्यांसाठीसुद्धा काढत नाही. तो पापुद्रा तसाच ठेवून वर कूलर घट्ट बसवलेली मशीनं दुरुस्तीवाल्यांना नेहमी सापडतात. बिचारा प्रोसेसर आयुष्यभर रेनकोट घालून बसलेला. दुसरी तऱ्हा इंटेलच्या खोक्यातल्या कूलरच्या चार पायांची. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन-दोन असे दाबायचे असतात, खट् असा आवाज येईपर्यंत. दाबताना मदरबोर्ड असा वाकतो की बसवणाऱ्याचा धीर सुटतो. तीन पायांना खट् येतो, चौथा ‘असू दे’ वर सोडला जातो. त्या ‘असू दे’ मुळे हीटसिंक एका कोपऱ्यात उचललेला राहतो आणि मशीन पहिल्या दिवसापासून तापतं.

आता माती. खोकं उघडल्यावर वरून फारसं काही दिसत नाही. पंख्याच्या पात्यांवर करडी लव असते, ती फडक्याने निघते आणि माणसाला वाटतं, झालं. तसं नसतं. पंखा हीटसिंकवरून सोडवून उचला आणि मग खाली बघा. जिथे अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामधल्या फटी दिसायला हव्यात, तिथे एक सलग, जाड थर असतो. चिमट्याने कोपरा धरला तर तो तुकडा न पडता अख्खा उचलून येतो, पंख्याच्या गोल आकाराचा. माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात असा एक थर काढून वर्तमानपत्रावर ठेवला होता. त्यात गादीचा कापूस होता, तीन पिढ्यांचे केस होते, एक सुकलेला डास होता, आणि हे सगळं ज्याने एकत्र धरून ठेवलं होतं तो चिकट काळपटपणा उदबत्तीच्या धुराचा आणि फोडणीच्या तेलकट वाफेचा होता. पंखा वरून जीव तोडून फिरत होता आणि खाली हवेचा एक धागा पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हता. थर काढला आणि तोच प्रोसेसर त्याच गेममध्ये पंधरा-वीस अंशांनी उतरला. फॉरमॅट न मारता.

ही स्वच्छता घरात होत का नाही, ह्याचंही कारण मायाच. दिवाळीच्या आधी घरातलं सगळं निघतं, माळ्यावरची तांब्याची घंगाळं निघतात, पण सीपीयूला कुणी हात लावत नाही. “नको बाई, काही तरी व्हायचं.” दसऱ्याला मात्र त्याची पूजा होते. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता. पूर्वीच्या टॉवरचं डोकं पत्र्याचं, बंद असायचं, तेव्हा हे चालून जात होतं. हल्लीच्या कॅबिनेटच्या माथ्यावर जाळी असते, गरम हवा वरून निघून जावी म्हणून. त्या जाळीवर चिमूटभर कुंकू वाहिलं की ते थेट मदरबोर्डच्या पायाशी पोचतं, आणि वर झेंडूचं फूल ठेवलं की निघायची वाटही बंद. पूजा जरूर करावी, पण कुंकवाचं बोट बाजूच्या पत्र्याला लावावं. देवाला चालतं.

नव्या पिढीचं प्रेम वेगळं, परिणाम तोच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानांत रंगीत दिवे लावलेले पंखे आणि पुढून अख्खी काच असलेली कॅबिनेटं दिसतील. दिसतात झकास. पण पुढच्या काचेतून हवा येत नाही, आणि हवा पुढून यायची, मागून आणि वरून जायची, ही ह्या खोक्याची साधी जगण्याची रीत आहे. अशी कॅबिनेटं काही अक्कलवान कारागीर बाजूने आणि खालून हवा देऊन नीट करतात. पण नुसतीच काच असेल तर दिवे लावून गुदमरवण्याचे पैसे आपण देतोय. पाण्याच्या कूलिंगचंही असंच. ते वाईट नाही, अडीचशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला त्याची गरजही असते. सेमूर क्रे यांनी तर १९८५चा आपला क्रे-२ हा महासंगणक अख्खाच्या अख्खा द्रवात बुडवून ठेवला होता, लोक त्याला ‘बबल्स’ म्हणत. पण नाना ज्यावर पासबुक बघतात आणि शब्दकोडी सोडवतात त्या मशीनला बंबाची गरज नसते. पाणी उष्णता फक्त उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. तिथून पुढे शेवटी पंखाच, हवाच आणि तुमचीच खोली. दीड-दोन हजारांचा साधा टॉवर कूलर आणि वर्षातून एकदा झाडलोट, ह्यापुढे घरगुती प्रोसेसर काही मागत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे. कप्प्याचं दार काढून टाका, कव्हर धुऊन भांडी पुसायला घ्या, टॉवर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि होळी झाली की, खरा उन्हाळा लागायच्या आत, एकदा खोकं उघडा. आधी प्लग काढायचा, मग पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. व्हॅक्युम क्लीनर आत खुपसू नका, हातातला ब्लोअर बरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. हीटसिंक काढायची वेळ आली तर मशीन आधी दहा मिनिटं चालवून मग बंद करा, म्हणजे पेस्ट सैल होते, आणि मग हळूच पीळ देऊन उचला. सरळ ओढलात तर एएमडीच्या जुन्या बैठकीतला प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट वर येतो. हे सगळं गच्चीवर करा, घरात नको. फक्त त्याच दिवसांत गच्चीवर शेजारच्या वहिनींच्या कुरडया आणि पापड वाळत असतात. ते खाली नेलेत ना, एवढं विचारून मगच ब्लोअरचं बटण दाबा.